सावेतामावशीची शांती

रंगमंचावर ऐन प्रवेशात पुढचे वाक्य आठवेनासे झाले की नटाच्या पायाखालची फळी सरकते. अशा वेळी आमच्या नाटकघरात कुणीही घाबरत नसे. रंगमंचाच्या पुढच्या कडेला मधोमध प्रॉम्प्टरचा खड्डा होता आणि त्यात सावेतामावशी बसलेली असे. तिची कुजबूज पहिल्या रांगेलाही ऐकू जात नसे, पण नटाच्या कानात बरोबर पडे. वाक्य घालतानाही ती अशा मायेने घाली की आपल्याला ते आपले आपणच आठवले असे वाटे.

मुरेश नदीच्या काठी आमचे गाव. साल सांगत बसत नाही, पण भिंतीभिंतीवर पांढरी कबुतरे आणि 'शांती' असे मोठ्या लाल अक्षरांत रंगवलेले असे, तो कम्युनिस्ट राजवटीचा काळ. मी तेव्हा नायकाच्या भूमिका करत असे आणि केसांना काळा रंग लावत असे.

सावेतामावशी विधवा होती. स्टेशनमागे एका खोलीत राहायची. दुपारी ठरल्या वेळी मागच्या दाराने आत यायची. डोक्याला करडा रुमाल, हातात पिशवी, पिशवीत लिंडेनच्या फुलांचा चहा आणि फडक्यात बांधलेली मक्याची उकड व चीज. दाराशी बसलेल्या पहारेकऱ्यापासून सुतारांपर्यंत जो भेटेल त्याला ती एकच शब्द म्हणायची, "शांती." आम्ही नमस्कार-चमत्कार, शुभ दिवस वगैरे म्हणायचो. तिची ती बाप्टिस्ट पंथाची ख्रिस्ती मंडळी मात्र एकमेकांना आणि सगळ्या जगाला असेच अभिवादन करत. गाव त्यांना 'पश्चात्तापी' म्हणून चिडवायचे. आम्हीही चिडवायचो.

"काय मावशी, आज कशाचा पश्चात्ताप?" मी विचारायचो.

"तुझ्या कालच्या दुसऱ्या अंकाचा," ती म्हणायची. "तीन वाक्यं खाल्लीस, तावी. जेवून येत जा घरून."

कुणाचा वाढदिवस असला की प्लमची दारू फिरायची. मावशी आपला फळांच्या सरबताचा पेला उचलून सगळ्यांबरोबर उभी राहायची, गाण्यात सूर मिसळायची आणि आमच्यातले जे नीट चालू शकत नसत त्यांना घरी पोहोचवायची. रविवारी सकाळची तालीम लागली तर व्यवस्थापक युस्तिनसाहेबांना सरळ सांगायची, "साहेब, मी प्रार्थनेला जाते. बारापर्यंत येते." दुसरी कोणी असती तर डोके दुखते म्हणाली असती. युस्तिनसाहेब तिला कितीदा म्हणाले, "अहो बाई, डोकं दुखतंय म्हणा ना. मलाही वर सांगायला सोपं."

"पण साहेब, डोकं दुखत नाही ना."

वरून विचारणा होतच होती. असली देवभोळी बाई नाटकासारख्या ठिकाणी कशाला, म्हणून. युस्तिनसाहेब आज-उद्या करत टाळत होते. पण ते किती टाळणार, हे आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होते. आणि नाटकाबाहेर मावशीला जग नव्हते. तो खड्डा, त्यातला छोटा दिवा आणि तिने स्वतः शिवलेली उशी, हाच तिचा संसार.

त्या शरद ऋतूत जिल्ह्याचे सांस्कृतिक अधिकारी कॉम्रेड पांतिश आमची रंगीत तालीम पाहायला आले. माणूस तसा वाईट नव्हता. त्यांना वरून हुकूम होता की शांती-मेळाव्यासाठी एखादी साधी, कष्टकरी व्यक्ती शोधून तिचा गौरव करा. ते विचारात पडून बोळात उभे होते आणि समोरून पिशवी हलवत मावशी आली.

"शांती, कॉम्रेड," ती म्हणाली.

पांतिश दचकले. मग त्यांचा चेहरा उजळला. "आपण सगळ्यांना असंच म्हणता?"

"सगळ्यांना."

"रोज?"

"रोज. डोळे उघडल्यापासून."

"आणि हे आपल्याला कुणी शिकवलं?"

मावशीने सांगायला तोंड उघडले, तोच मागे उभ्या असलेल्या युस्तिनसाहेबांना असा खोकला आला की बोळातले दिवे हलले. "कॉम्रेड, पडदा वर जातोय," असे म्हणत त्यांनी पांतिशना दंडाला धरून आत नेले. नाटकात पांतिशचे लक्ष नव्हते. त्यांना त्यांची बाई सापडली होती.

दोन दिवसांनी हुकूम आला. मेळावा आमच्याच नाटकघरात होणार, सावेतामावशीला पदक आणि फुले मिळणार, आणि ती मंचावरून एक वाक्य बोलणार. ही बातमी ऐकून सुतार हसून हसून जमिनीवर बसले. युस्तिनसाहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी दार लावून घेतले आणि मावशीला म्हणाले, "बाई, हा देवानंच धाडलेला पांतिश आहे असं समजा. एकदा पदक छातीवर लागलं की तुम्हाला त्या खड्ड्यातून कुणी उठवू शकत नाही. जन्मभराचं काम पक्कं."

वाक्य तयार करण्याचे काम ग्लिगोरकडे होते. ग्लिगोर आमचा दिवेवाला आणि नाटकघरातल्या पक्षशाखेचा चिटणीस. दिव्यांत हुशार, बाकी सगळ्यात भित्रा.

"एकच वाक्य आहे, मावशी," तो म्हणाला. "'ही शांती मला पक्षानं शिकवली.' झालं. फुलं घ्यायची आणि उतरायचं."

"ग्लिगोर, पण पक्षानं नाही ना शिकवली."

"मला माहीत आहे हो. सगळ्या नाटकघराला माहीत आहे. पांतिशना एकट्यांना माहीत नाही, ते तसंच राहू द्या."

आमची नायिका अस्पाझिया आरशासमोर भुवया काढत होती. ती न वळता म्हणाली, "सावेता, तू मला रोज खोटी वाक्यं पुरवतेस. काल रात्री मला म्हणायला लावलंस की मी बावीस वर्षांची आहे."

"ते तुझं पात्र म्हणतं गं. आणि सगळ्या गावाला माहीत आहे की तू नाहीस."

"मग तूही एक पात्र कर."

मावशीने उकडीचा घास हातातच धरला. "मी तुम्हा सगळ्यांना शिव्यासुद्धा सांगितल्यात," ती म्हणाली. "देवाला शिव्या देणारी वाक्यंही सांगितली, कारण ती त्या पात्रांची होती. पण परवा मी कुणाच्या वेशात असणार? सावेताच्याच ना?"

अस्पाझियाने भुवईची पेन्सिल खाली ठेवली. कुणालाच पुढचे वाक्य सुचले नाही आणि प्रॉम्प्टर तर समोर बसून जेवत होती.

मेळाव्याच्या दिवशी ग्लिगोरने मला खड्ड्यात बसवले. बाई कधी मंचावर बोललेली नाही, अडखळली तर तू सांग, असे म्हणाला. इतक्या वर्षांत मी त्या खड्ड्यात पहिल्यांदाच उतरलो. मेणाचा, लोकरीचा आणि चहाचा वास. तिथून मंच वेगळाच दिसतो. माणूस आधी पायांनी दिसतो. मावशीचे बूट चकचकीत घासलेले होते. त्यांच्या वर जाड मोजे, आणि त्यांच्या वर गुडघे लटपटत होते. अगदी स्पष्ट दिसत होते.

पांतिश छान बोलले. ही साधी बाई रोज सकाळी उठून आपल्या सहकाऱ्यांना कोणता शब्द देते, तर शांती. टाळ्या झाल्या. मग सगळे थांबले. मावशी माझ्या अगदी समोर आली आणि गप्प उभी राहिली.

मी कुजबुजलो, "ही शांती मला पक्षानं शिकवली."

काही नाही.

मी जरा जोरात म्हणालो, "ही शांती मला..."

तिने खाली पाहिले. "तावी, ऐकू आलं रे बाळा. तुझी कुजबूज गॅलरीपर्यंत जाते."

सभागृह हसले. ग्लिगोरही हसला, बिचारा. हसू ओसरले तशी ती लोकांकडे वळली आणि रोज जशी बोलायची तशीच बोलली.

"कॉम्रेड पांतिश भले गृहस्थ आहेत. त्यांचा गैरसमज झालाय आणि तो माझ्या गप्प बसण्यानं झालाय, म्हणून सांगते. मी शांती म्हणते ती प्रभू येशू ख्रिस्ताची. त्याचे शिष्य भीतीनं दार लावून बसले होते, तेव्हा तो आत आला आणि आधी हेच म्हणाला. मी त्याच्यावर विश्वास ठेवते. तुम्हा सगळ्यांना मी त्याच्या नावानं शांती म्हणते, आजच नाही, रोज म्हणते. फुलं फार सुंदर आहेत. ती दुसऱ्या कुणाला तरी द्या."

गुडघे अजून लटपटत होते. आवाज मात्र एकदाही हलला नाही. मी आयुष्यात राजे केले, बंडखोर केले, फाशीच्या तख्तावरची भाषणे केली आणि खूप टाळ्या मिळवल्या. पण इतके भ्यालेले गुडघे घेऊन मंचाच्या मध्यभागी उभे राहून खरे बोलणे मला कधी करावे लागले नाही.

पांतिश हातात कार्नेशनचा गुच्छ धरून तसेच उभे राहिले. शेवटी बँडवाल्यांनी आपल्या मनानेच काहीतरी वाजवायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी तिला खड्ड्यातून काढले. नटांच्या आसपासही ती नको, असा निरोप आला. तिला साफ हाकलून द्या, असेही वरचे कुणी म्हणत होते. तेव्हा युस्तिनसाहेबांनी आपली सगळी नाटकविद्या पणाला लावली. "कॉम्रेड," ते पांतिशना म्हणाले, "हाकलली तर बोभाटा होईल. तिला प्रेक्षकांचे कोट ठेवायच्या खिडकीत बसवतो. तिथे कुणीही फिरकत नाही. ती बोलणार कुणाशी? खुंट्यांशी?"

हे खरे होते. त्या वर्षांत सरपणाची आणि विजेची इतकी काटकसर चालली होती की हिवाळ्यात नाटकघराची भट्टी पेटतच नसे. लोक ओव्हरकोट, टोप्या, हातमोजे घालूनच नाटक बघत. आम्ही संवाद म्हणायला लागलो की तोंडातून वाफ निघे. कोट ठेवायची खिडकी उघडी असे ती फक्त नियम म्हणून. पांतिशना ते पटले.

मावशी तिथे जाऊन बसली, रिकाम्या खुंट्यांपुढे. मी भेटायला गेलो तर विणत होती. "नवी मुलगी कशी आहे खड्ड्यात?" तिने विचारले.

"घाईघाईनं सांगते. सगळे नट ट्रेन पकडायची असल्यासारखे बोलतात."

"शिकेल. तिला सांग, आधी नटाचा श्वास ऐक." मग विणकामाकडे पाहत म्हणाली, "हात अजून पानं उलटायला जातात रे." एवढेच. तिने आणखी काही म्हटले असते तर मला रडू आले असते आणि नट म्हणून मी ते चांगले वठवलेही असते.

पहिल्या हिवाळी प्रयोगाला त्रिफूसर आले. निवृत्त भूगोलशिक्षक, गावातले नामांकित नास्तिक. खिडकीपाशी थांबले आणि कोटाची बटणे काढू लागले.

"सर, आत बर्फ आहे," मावशी म्हणाली. "काढू नका."

"बाई, मी देवाला मानत नाही. पण कोट ठेवणार आहे."

"मग ठेवा. कोटाला कोण विचारतंय?" तिने कोट झटकून खुंटीला लावला आणि बिल्ला त्यांच्या हातात दिला. "शांती, सर."

सर आत जाऊन स्वेटरवर बसले. पहिला अंक संपेपर्यंत त्यांच्या ओठांचा रंग बदलला होता. मध्यंतरात औषधांच्या दुकानातली बाई उठून बाहेर गेली आणि परतली ती कोटाशिवाय. पुढच्या शनिवारी बेकरीवाला आणि त्याची बायको. मग तर मंचावरून पाहिले की ओव्हरकोटांच्या काळ्या अंधारात मधे मधे फिकट ठिपके दिसत, स्वेटरचे, ब्लाउजचे, कुणाच्या लग्नातल्या पांढऱ्या शर्टाचे. माणसे हात काखेत घालून कुडकुडत नाटक पाहायची. कुणी घोषणा दिली नाही, कुणी पश्चात्तापी झाले नाही. फक्त आपला कोट तिच्या हातात द्यायचा आणि तो एक शब्द घ्यायचा, एवढेच. विंगेत अस्पाझिया माझ्या कानाशी लागून मोजायची आणि म्हणायची, "तावी, आज तिसरी रांग सगळी उघडी आहे. नीट काम कर."

जानेवारीत पांतिश नवे नाटक पाहायला आले. अस्तर लावलेला जड कोट घालून पुढच्या रांगेत बसले. मध्यंतरात त्यांनी वळून मागे पाहिले आणि बराच वेळ पाहत राहिले.

"युस्तिन," ते म्हणाले, "या लोकांना थंडी वाजत नाही का?"

"वाजते ना, कॉम्रेड," युस्तिनसाहेब म्हणाले. "खूप वाजते."