पत्रावळीवरची मिरची

आठवीत शाळा सुटली. त्यानंतर मला नीट जमलं ते एकच, भरीत. अमळनेरकडच्या आमच्या गावात कुणाकडे कार्य असलं की वांगी भाजायला मला बोलवायचे. अशाच एका पंगतीत धुळ्याचे एक दिग्दर्शक जेवले आणि म्हणाले, "अक्का, आमच्या सिनेमातली चूल सांभाळाल का?"

सहाशे वर्षांपूर्वीचा खान्देश त्यांना उभा करायचा होता. अकरा वर्षं त्याच एका सिनेमामागे होते. कर्जतजवळच्या माळावर किल्ला बांधला होता. पहिल्याच दिवशी त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "तेव्हा आपल्याकडे मिरची नव्हती, अक्का. ती पुढे जहाजातून आली. तिखटाला मिरं घाला."

"मग लोक जेवायचे कसे?" मी विचारलं. ते खूप हसले. शिकलेल्या माणसानं मला इतकं समजावून सांगावं, हे पहिल्यांदाच घडत होतं.

किल्ला पडायच्या आधीचं शेवटचं जेवण. वाढणाऱ्या नटीचा हात अवघडत होता, म्हणून ते म्हणाले, "हात अक्कांचेच घ्या." मी वाढत गेले. एका म्हाताऱ्या शिपायानं घास घेतला आणि त्याचे डोळे भरून आले. दिग्दर्शक कितीतरी वेळ 'कट' म्हणालेच नाहीत. मग म्हणाले, "ह्या एका घासासाठी थांबलो होतो."

पत्रावळी उचलताना मला त्या शिपायाच्या पानावर अर्धी चावलेली हिरवी मिरची दिसली. आमच्याकडे भरिताशेजारी मिरची ठेवली नाही तर वाढलं असं होत नाही. युनिटच्या जेवणाची टोपली जवळच होती. वाढताना माझा हात आपोआप तिकडे गेला असणार.

मी पत्रावळ दुमडली आणि गप्प बसले. सांगितलं तर गावी पाठवतील, याची भीती. दुसऱ्या दिवशी सकाळी लढाईच्या प्रसंगात ते स्वयंपाकघर जाळलं. राख बघितली आणि मग राहवलं नाही. सांगून टाकलं.

ते ओट्यावर बसले. कुणी म्हणालं, संगणकावर मिरची पुसता येईल. ते म्हणाले, "मिरची पुसाल. डोळ्यांतलं पाणी तिचंच आहे, त्याचं काय?" मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता, "काल सांगितलं असतं तर पुन्हा घेतलं असतं, अक्का."

मला काढलं नाही. शेवटपर्यंत चूल माझ्याकडेच ठेवली.

सिनेमा जळगावला लागला तेव्हा आई सगळ्यांना घेऊन बघायला गेली. रात्री फोनवर आमच्या अहिराणीत म्हणाली, "आमी बठ्ठा गऊत. तुना हात काही दिखनात नही, बाई. पन शेवटले तुनं नाव शे म्हने. भाऊनी वाचं."

त्यांनी तो प्रसंगच काढून टाकला होता. नाव मात्र ठेवलं. आईला मी म्हटलं, सिनेमा लांब झाला असेल, म्हणून कापला. खरं तिला अजून सांगितलेलं नाही.