विहारातली बुधवारची दुपार

आमच्या घरात चमत्कार कुणी मानत नाही. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच नवस आणि अंगारे घराबाहेर गेले. त्यामुळे हे लिहिताना मी जरा ओशाळलोच आहे. पण घडलं ते न सांगणं कृतघ्नपणाचं होईल.

मी अमरावती जिल्ह्यातल्या एका अग्निशमन केंद्रावर आहे. लोकांना वाटतं आम्ही फक्त आगी विझवतो, पण आम्हाला विहिरीतही तितकंच उतरावं लागतं. खालून मारलेली हाक वर घुमते, कळत नाही, म्हणून दोराला झटके द्यायचे. एक झटका म्हणजे थांबा, दोन म्हणजे ओढा. दोन झटके देण्याआधी गाठ ओढून पाहायची, हा पहिल्या दिवशी शिकवलेला धडा. बडनेऱ्याकडच्या एका वावरात आठ-नऊ वर्षांची मुलगी विहिरीत पडली होती. मोटारीच्या पाइपाला धरून होती, जिवंत होती. मी तिच्या काखेखालून दोर बांधला आणि घाईत गाठ न पाहताच दोन झटके दिले. ती अर्ध्यावर गेली आणि गाठ सुटली. पडताना तिचा ओला हात माझ्या हातात आला आणि निसटला. मी बुडी मारून तिला काढलं, पण उशीर झाला होता. साहेब म्हणाले, दोरच जुना होता, तू मनाला लावून घेऊ नकोस. मी गप्प राहिलो, आणि ते गप्प राहणंच मला भोवलं.

एका सकाळी माझी सात वर्षांची सृष्टी आंघोळ करून आली आणि मागून माझ्या गळ्यात पडली. ओले हात मानेला लागले आणि मी तिला झिडकारलं. उंबऱ्यावर आपटून तिचा ओठ फुटला. तेव्हापासून ती माझ्यापासून चार हात लांब बसू लागली. नोकरी गेली असती तरी सोसलं असतं, हे सोसवेना.

केंद्रावरच्या आम्हा जवानांसाठी ऑनलाइन समुपदेशन सुरू झालं होतं. "मोबाईलवर कुठं दुखणं बरं होते?" मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, "मोबाईलवर भांडता येते, तं रडताही येते. बसा मुकाट्यानं." घरात बोलणं जमेना, म्हणून दर बुधवारी दुपारी मी वस्तीतल्या विहारात जाऊन बसायचो. समुपदेशन करणाऱ्या मॅडमची रीत अशी की डोळे मिटायचे आणि सगळं आत्ताच घडतंय असं सांगायचं. पाच बुधवार मी गाठीपर्यंत येऊन थांबलो. त्यांनाही दोर जुना होता असंच सांगितलं.

सहाव्या बुधवारी तिथवर पोचलो आणि त्यांचा आवाज गेला. नेटवर्क तुटलं होतं. मी तळाशी एकटाच. डोळे उघडवेनात. तेवढ्यात कुणीतरी माझा हात धरला. ओला हात. फरशी पुसायला आलेली म्हातारी होती ती, मघाशी चपला आत आणल्या म्हणून तिनं मला झापलं होतं. हात झटकायचंही बळ माझ्यात नव्हतं. "काहून थांबला, बापा? बोल. मी बसून राहिली इथं." आणि मी बोललो. गाठ मी पाहिली नव्हती, हे पहिल्यांदा माझ्या तोंडून निघालं. फोन जुळल्यावर मॅडमनाही तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "दादा, इतके दिवस हे एकट्यानं वाहिलंत."

पुढे कळलं, ती बाई परतवाड्याहून लेकीकडे आली होती आणि तिला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. तिनं माझे थांबलेले ओठ तेवढे पाहिले. आभार मानायला गेलो तर ती गावी परतली होती. याला काय म्हणायचं ते मी ठरवत नाही. रोज वंदनेच्या वेळी तिची आठवण येते आणि मन भरून येतं.

त्रिशरण मी लहानपणापासून म्हणतो. शरण जाणं म्हणजे हात जोडणं, एवढीच माझी समज. आपलं खरं दुसऱ्यापुढे ठेवायचं आणि पुढे काय होईल याचा हट्ट सोडायचा, हे त्या दुपारी उमगलं. साहेबांनाही खरं सांगितलं. चौकशी झाली, बढती थांबली. झोप अजून पुरती येत नाही, बुधवार चालू आहेत.

मग सृष्टीला समोर बसवलं. म्हटलं, त्या दिवशी मी तुझ्यावर रागावलो नव्हतो, घाबरलो होतो.

"मले वाटे," ती हळूच म्हणाली, "माह्यंच काही चुकलं."