परतीचे बाण

आमच्या दाजींना सरळ रस्त्याचा जेवढा राग होता, तेवढा मला सरकारचाही नव्हता. आणि मी तर सरकारविरोधी पत्रकं वाचतच लहानाचा मोठा झालेला. थोरल्या बहिणीचा नवरा म्हणून ते माझे दाजी. चिकलठाण्याला पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात ते रंगखात्यात होते. आठवडाभर लोखंडाला निळा रंग मारायचा आणि सुट्टीच्या दिवशी सायकल घेऊन विद्यापीठामागच्या डोंगरात नाहीसं व्हायचं, एवढंच त्यांचं चरित्र. त्या काळात शहराला कारखान्यांची भूक लागली होती. नव्या वसाहती, नवे डांबरी रस्ते रोज उगवत होते. एखादा रस्ता डांबरी झाला की गल्लीत लोक पेढे वाटायचे आणि दाजी सुतक आल्यासारखे बसायचे. "गेला बिचारा," म्हणायचे. "आता त्याच्यावरनं कुणीबी जाईल."

सायकल म्हणजे एका दूधवाल्यानं टाकून दिलेला काळा हत्ती. दाजींनी तिचे मडगार्ड काढले, घंटी काढली, कॅरिअर काढलं, साखळीवरचं झाकण काढलं. ताई म्हणाली, "एवढं काढलं तर आता सीटबी काढा." दाजींनी त्यावर दोन दिवस गंभीरपणे विचार केला. टायरवर त्यांनी मोच्याकडून स्कूटरच्या फाटक्या टायरच्या पट्ट्या शिवून घेतल्या होत्या. ब्रेक नावाला होता. खरा ब्रेक म्हणजे पायातली चप्पल. त्यामुळे ताईच्या घरात तांदळाच्या आधी चपला संपायच्या. पुढं औरंगपुऱ्यातल्या एका दुकानात गिअरवाली डोंगरी सायकल टांगलेली दिसली, तेव्हा मी त्यांना मुद्दाम दाखवायला नेलं. बराच वेळ बघून ते दुकानदाराला म्हणाले, "समदं हीच करती, तर मग वर बसलेला माणूस काय करतो?"

एकदा देवगाव रंगारीला लग्न होतं. सगळं वऱ्हाड एसटीनं गेलं, दाजी डोंगरातून निघाले. ते पोचले तेव्हा मांडवाचे बांबू उतरत होते. अंगभर ओरखडे, डोक्यात पळसाची पानं. नवरीच्या आत्यानं त्यांना फकीर समजून वाटीभर बुंदी दिली. दाजींनी ती मनापासून खाल्ली आणि दुवाही दिली.

नामांतराची लढाई तेव्हा पेटलेली होती. विद्यापीठाला नवं नाव मिळावं म्हणून माणसं मार खात होती, खेड्यापाड्यांत त्यांची घरं जळत होती. मी पत्रकामागून पत्रक लिहीत होतो आणि आमचे दाजी सीताफळांच्या झाडीत सायकल हाणत होते. मी एकदा फटकारलंच, "दाजी, समाज विद्यापीठासाठी रक्त सांडतोय आणि तुम्ही डोंगर हिंडताय?"

"पाव्हणं," दाजी शांतपणे म्हणाले, "म्या दर रविवारी विद्यापीठापासनंच निघतो. तुमी मोर्चा असला तरच येता."

माझी पत्रकं मात्र ते जपून ठेवायचे. मला बरं वाटायचं. एकदा पंक्चर काढताना पाहिलं, तर ट्यूब आणि टायरच्या मधे माझ्या जळजळीत पत्रकांची जाड घडी. "लई दम हाय तुमच्या लिखाणात," ते म्हणाले. "बाभळीचा काटा आत शिरत नाय." तोवर माझ्या लेखनावर मिळालेला हा एकमेव अभिप्राय होता.

एका रविवारी दाजी डोंगरात वाट चुकले आणि दिवसभर एकाच घळीत गोल फिरत राहिले. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी फोरमनला विचारून डब्यात उरलेला निळा ऑइल पेंट आणला आणि पलीकडच्या वस्त्यांपासून विद्यापीठापर्यंत दगडादगडावर बाण काढले. सगळे बाण एकाच दिशेचे, परतीचे. मी विचारलं, "आणि जायचे?" दाजींना माझ्या अडाणीपणाची कीव आली. "जायला खूण कशाला लागतीय? माणूस जातोच. घरी यायचं म्हणलं की वाट चुकतो."

म्हणजे डोंगरापलीकडच्या वस्तीवर उभं राहून पाहिलं, तर निळे बाण एकामागून एक थेट विद्यापीठाकडे बोट दाखवत होते. निळा आमच्या झेंड्याचा रंग. आमच्या दाजींनी हे काय करून ठेवलंय, हे शहरात दाजी सोडून सगळ्यांना कळण्याची वेळ लवकरच आली.

एका मोर्च्याच्या दिवशी पोलिसांनी शहराचे रस्ते अडवले. आम्ही विद्यापीठाच्या फाटकासमोर मूठभर लोक घोषणा देत होतो. तेवढ्यात मागच्या डोंगरावरून माणसं उतरताना दिसली. बाया, म्हातारे, खांद्यावर पोरं. सगळे बाण बघत बघत आले होते. दाजी पायथ्याशी सायकल धरून उभे होते, चेहरा पडलेला. दोन वर्षं जपलेली त्यांची चार बोटांची वाट लोकांच्या पायांनी बैलगाडी जाईल एवढी रुंद झाली होती.

एक बाई चपला हातात घेऊन त्यांच्यासमोर थांबली. "बाण काढणाऱ्याचं भलं व्हवो रं बाबा. आता ह्याच बाणांनी माघारी जाती."

दाजी दचकले. "मावशी, तसं नाय जमायचं! ते फकस्त हिकडं यायचे हायत!"

आणि मोर्चा संपल्यावर हा माणूस सायकल हातात घेऊन तिला डोंगरापलीकडे घरापर्यंत सोडून आला.

दोन दिवसांनी पोलीस त्यांना घेऊन गेले. वर्षानुवर्षं पत्रकं लिहून मला साधी कोठडी मिळाली नव्हती. दाजींना ती सायकल चालवून मिळाली. रंग कारखान्याचा, म्हणून ठाण्यात कारखान्याचा साहेबही येऊन बसला होता. सौदा साधा होता: दाजींनी आपल्या हातानं सगळे बाण चुन्यानं पुसायचे, मग पोलीसही सोडतील आणि नोकरीही राहील. नाहीतर नोकरी गेली.

"पुसा की हो," ताई रडकुंडीला आली होती. "दगडच हायत. घरात दोन लेकरं हायत."

मी मात्र त्यांच्या तोंडून एखाद्या क्रांतिकारक वाक्याची वाट बघत होतो. दाजी बराच वेळ गुडघा खाजवत राहिले. मग म्हणाले, "पुसले असते साहेब. पर ती मावशी परत आली तर?"

फौजदार ताठ झाला. "कौन मावशी? पूरा नाम बोल."

"नाव इचारायचं राह्यलं."

या मावशीच्या शोधात दोन शिपाई आठवडाभर हिंडत होते म्हणे. बाण काढल्याबद्दल कोणतंच कलम सापडेना, तेव्हा दाजींना सोडलं. नोकरी गेली. बाणांवर पोलिसांनीच चुना मारला. त्या चढावर बादल्या वाहताना शिपायांनी दाजींच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. एक पावसाळा गेला, चुना वाहून गेला आणि निळे बाण जसेच्या तसे वर आले. "ऑइल पेंट हाय," दाजी म्हणाले.

ताई लोकांचे कपडे शिवू लागली आणि महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. दाजींनी त्याच कारखान्याच्या फाटकासमोर कडुनिंबाखाली पंक्चरचं दुकान टाकलं. साहेबाच्या गाडीची हवाही तिथंच भरली जायची.

आणि मग एवढ्या वर्षांनी विद्यापीठाला ते नाव लागलं. फाटकासमोर ढोल, निळा गुलाल, माणसांचा पूर. मी खिशात भाषण घेऊन दाजींना शोधत होतो. सापडले ते मागच्या बाजूला, पहिल्या बाणाच्या दगडाशी. गुडघे गेलेले, चढावर आता तेच सायकलचा आधार घेऊन चालायचे. हातात रंगाचा डबा.

"दाजी, आज तरी पुढून चला. सगळे रस्ते उघडे आहेत."

"आले का समदे?"

"सगळे आले."

"मग झालं." त्यांनी ब्रश बुडवला आणि बाणाच्या मागच्या बाजूलाही एक टोक काढलं. आता तो दोन्हीकडे दाखवत होता.

"हे काय?"

"आले म्हणता नव्हं? मग घरी जायला नको का त्यांना?"

त्या दुसऱ्या टोकाच्या दिशेला खडीच्या मशिनची धूळ उडत होती. नव्या कारखान्यांच्या पायासाठी डोंगर फोडणं चालू होतं. मावशीच्या वस्तीकडं उतरणारा कडा अर्धा उरला होता. हे दाजींना माझ्याआधी माहीत होतं. मी डबा धरून त्यांच्याबरोबर पुढच्या दगडापर्यंत गेलो, मग त्याच्या पुढच्या.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "खिशात भाषण हाय का, पाव्हणं?"

"आहे."

"द्या हिकडं. मागचं टायर लई दमलंय."

मी दिलं.