आमचा दत्ता त्यांच्यात गेला तेव्हा

वेळापूरच्या स्टँडवर आईनं माझ्या धाकट्या भावाचा, दत्ताचा, हात माझ्या हातात दिला. मिसरूड फुटलेला पोरगा, लाजून लाल झाला. "शेरात एकमेकाला सोडू नगासा," एवढंच आई म्हणाली. विहीर आटली होती. गावात आमच्यासाठी काही उरलं नव्हतं.

सोलापुरात मी नर्सिंगच्या होस्टेलवर राहिले. दत्ताला गिरणीत बदलीचं, म्हणजे कुणी गैरहजर असेल त्या दिवसापुरतं, काम लागलं. तो नरसय्यामामा या तेलुगू विणकराकडं भाड्यानं राहायचा. त्यांच्या अंगणातल्या शेडमध्ये दोन माग होते. घरात ते तेलुगू बोलत, आमच्याशी मराठी. मामी त्याला उपाशी पाळीला जाऊ देत नसत.

गिरणीत मात्र त्यानं 'हितं', 'न्हाय' म्हटलं की लोक हसायचे. एकदा जॉबरनं, खात्याच्या मुकादमानं, एका चुकीवरून सगळ्यांदेखत थोबाडीत दिली आणि काढूनच टाकलं. ती लाज त्यानं कुणाला सांगितली नाही. डबा घेऊन निघायचा आणि दिवसभर बागेत बसायचा. तिथं त्याला 'तेलुगू लोकांना हाकला' म्हणत फिरणारी ती माणसं भेटली. त्यांनी चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं, 'दत्ताजीराव' म्हटलं.

हळूहळू त्याच्या बोलण्यातला 'मी' गेला, 'आमी' आला.

"आक्का, माजी चूक न्हायच. भायेरच्यांनी आमची कामं खाल्ली."

"आरं, मामीच्या हातचं जेवतोस की तू!"

"मामी येगळी."

काही दिवसांनी मामीही वेगळी राहिली नाही. मामींनी वाढलेलं ताट तो तसंच सोडून उठू लागला.

एका दुपारी जमाव गल्लीत शिरला आणि मामांची शेड पेटली. वाट दाखवायला दत्ता पुढं होता. सूत वाचवायला आत धावलेल्या मामांचे दोन्ही हात भाजले. त्यांना आमच्याच वॉर्डात आणलं. मी पट्ट्या बांधत होते, मान वर होत नव्हती. मामी जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "पोलिसांनी धरलं म्हणं त्याला. मारत असतील काय गं?"

मामांना पुन्हा माग चालवता आला नाही. दत्ता सुटला तो थेट गावी गेला, सोलापूरला परत कधी आलाच नाही. आईच्या दहाव्याला ओट्यावर बसलो असताना आपणहून म्हणाला, "त्येंच्यात मला कुनीतरी इचारत हुतं गं, आक्का."

"मामी विचारत होती," मी म्हणाले.

तो लहान मुलासारखा रडला.

आता मी सोलापूरचीच झाले. सणाला वेळापूरला जाते, परतल्यावर मामींकडं डोकावते. दोन्हीकडं मला जेवायला वाढतात. पण ज्या घरात दत्ता आणि मामी एका पंगतीला बसतील, तेच माझं घर; आणि तसं घर आता कुठंच नाही.