पोलादपूरच्या हद्दीबाहेर

महाडच्या एसटी स्टँडवर बाबा माझ्या कपड्यांची पिशवी छातीशी धरून उभे होते. मी त्याच दिवशी जामिनावर सुटलो होतो. जामीन देताना कोर्टाने अट घातली होती, खटला संपेपर्यंत पोलादपूर तालुक्याच्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही. आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. म्हणजे घरी जाऊन अंघोळ करावी, देवाला हात जोडावेत आणि मग निघावं, एवढीही सोय नव्हती. पोलादपूरची गाडी आमच्यासमोरच लागली. वाडीतली दोन माणसं तिच्यात चढली. त्यांनी मला बघितलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

मग पनवेलची गाडी आली. बाबांना दमा होता, वाक्य मध्येच तुटायचं. "जप सोताला," ते म्हणाले, आणि दम खाऊन, "तारीख चुकवू नको."

आमच्या वाडीतली निम्मी घरं मुंबईवर चालतात. तुम्ही मुंबईला गेलात ते पोटासाठी गेलात, आणि तुम्हाला सोडायला आख्खी वाडी खालच्या रस्त्यापर्यंत आली. मला सोडायला बाबा एकटे आले. गेलेले आणि राहिलेले, दोघांसाठीही मी हे लिहितो आहे, कारण माझ्याबद्दल दोन्हीकडे बरंच बोललं गेलंय. बाबा आता नाहीत आणि खटलाही संपला, म्हणून लिहिता येतं.

झालं ते असं. भात पिकायला आलं की रानडुकरं उतरतात आणि एका रात्रीत शेत लोळवून टाकतात. वाडीत कितीतरी जण संध्याकाळी बांधावरून उघडी तार ओढायचे आणि घरातल्या बोर्डातून तिच्यात करंट सोडायचे. पहाटे उठून काढायचे. मी महाडला आयटीआयमध्ये वायरमनचा कोर्स केला होता, लोकांच्या घरांची फिटिंगं करायचो. त्यामुळे मला हे बघवत नसे. बाबांना मी सांगून ठेवलं होतं, "बाबा, तू तार लावायची नाय. माणूस मरंल." ते हो म्हणाले होते.

एका सकाळी शेजारचे शांतारामदादा आमच्या बांधावर मरून पडलेले सापडले. म्हैस सुटली म्हणून ते अंधारातच तिला शोधायला निघाले होते. मी धावत गेलो तेव्हा तार अजून खुंट्यांना होती. आदल्या रात्री मी कामावरून येऊन जेवून झोपलो होतो. घरात माझ्याशिवाय फक्त बाबा. आई आधीच गेलेली. मी मागे वळून बघितलं, तर बाबा उंबऱ्यावर बसून राहिलेले. त्यांनी मान वर केली नाही. मला विचारावं लागलं नाही.

पोलिसांची जीप वर यायच्या आत वाडीतल्या बाकीच्या सगळ्या तारा निघाल्या. कुणी गवतात टाकल्या, कुणी विहिरीत. आमची तेवढी राहिली. शांतारामदादांची बायको, पारूवयनी, अंगणात बसली होती. पोलिसांनी विचारलं, "तार कोणी लावली?" तिने सरळ माझ्याकडे बोट केलं. "संदेशनं. विजेचं काम त्योच करतो."

बाबा पुढे आले, बोलायला तोंड उघडलं. मी त्यांचं मनगट असं आवळलं की ते कळवळले. दम्याचा माणूस कोठडीत किती टिकेल, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. "चला साहेब," मी म्हणालो आणि जीपमध्ये बसलो.

सदोष मनुष्यवध. हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

वकील कोण द्यायचा यावरून घरात ओढाताण झाली. मुंबईच्या चुलतभावाने हायकोर्टातला एक मोठा वकील गाठला. त्या मोठ्या वकिलाचा ज्युनिअर मला जेलमध्ये भेटायला आला. शर्टाला चुणीसुद्धा पडलेली नव्हती. "घरात आणखी कोण होतं?" त्याने विचारलं. वडील, मी म्हणालो. "वय? आजार?" मी सांगितलं. तो हसला. "मग झालंच की. तार त्यांनी लावली म्हणायचं. म्हाताऱ्याला कोर्ट सांभाळून घेईल, तुम्ही बाहेर." त्याने हे अंदाजाने म्हटलं होतं. आणि तेच खरं होतं.

बाबांनी मात्र महाडच्या एका वकीलबाईंना गाठलं होतं. चवदार तळ्याकडून आत वळलं की जुन्या घरात त्यांचं ऑफिस. पन्नाशीच्या, आवाज हळू. त्या जेलमध्ये आल्या तेव्हा मी तोंड उघडणार, तोच त्यांनी हात वर केला.

"आत्ता मला काही सांगू नका. मी विचारेन तेवढंच. गुन्हा सिद्ध करणं हे पोलिसांचं काम आहे. ते त्यांना जमतं का, एवढं मी बघणार. तुमच्याऐवजी दुसऱ्या कोणाला उभं करणं माझ्या कामात बसत नाही."

"मुंबईचे वकील म्हणतात..."

"ते माझ्यापेक्षा हुशार असतील. पण मी इथेच राहते. शांतारामची बायको उद्या बाजारात मला भेटेल. तिच्यासमोरून मान खाली घालून जावं लागेल असं काही मी कोर्टात बोलणार नाही. हे चालणार असेल तर मला सांगा. नसेल तर राग मानणार नाही."

मी त्यांना हो म्हणालो. चुलतभाऊ आजही म्हणतो की मी मूर्खपणा केला. मला मात्र तो हसणारा ज्युनिअर आठवला की अजून भीती वाटते. किती सोपं होतं ते.

वकीलबाई स्वतः वाडीवर जाऊन बांध बघून आल्या. माणगावच्या सेशन कोर्टात त्यांनी जामीन मिळवला, अटीसकट. आणि मी पनवेलजवळ कळंबोलीत आलो.

इथे मी एका वेअरहाऊसला लागलो. वायरमनचं काम मागितलं नाही, तारेला हात लावायची इच्छा मेली होती. आधी लोडिंग, मग फोर्कलिफ्ट. चार जणांची रूम, शिफ्ट बदलली की अंथरूण बदलायचं. सुपरवायझर हिंदीत विचारायचा, "गाँव नहीं जाता क्या तू?" गणपतीला सगळे सुट्टी टाकायचे, मी ओव्हरटाइम घ्यायचो. त्यांना वाटायचं, पैशासाठी. एकदा कुणीतरी माझ्या केसची बातमी मोबाईलवर शोधून काढली. त्यानंतर रूममध्ये मी आलो की बोलणं बंद व्हायचं. एकाने आपलं अंथरूण हळूच दुसऱ्या भिंतीला नेलं.

माझं गावी जाणं म्हणजे तारखेला जाणं. आदल्या दिवशी वीर स्टेशनला उतरायचं, रिक्षाने महाड, वकीलबाईंच्या ऑफिसातला बाक. बाबा डोंगरावरून उतरून तिथे येऊन बसलेले असत. नाचणीची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी. मी खायचो, ते बघत राहायचे. दर वेळी ते आधीपेक्षा लहान दिसायचे, आतून कुणी कोरतंय असे. वाडीत त्यांच्याशी कोण बोलतं, मी विचारलं की ते विषय बदलायचे.

एका तारखेला त्यांनी वकीलबाईंच्या टेबलाची कड धरली. "बाय, मला सांगायचं हाय. ती तार..."

"काका, थांबा." वकीलबाई उभ्याच राहिल्या. "मी संदेशची वकील आहे. तुम्हाला स्वतःबद्दल काही सांगायचं असेल तर तुमचा वेगळा वकील हवा. मी नाव सुचवते. पण माझ्यासमोर बोलू नका."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी नाही अशी मान हलवली. ते परत बाकावर बसले आणि त्यांना असा खोकला लागला की वकीलबाईंनी स्वतः पाणी आणलं. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. मला वाटायचं, त्यांचं हे ओझं फक्त मला ठाऊक आहे.

पावसाळा सरता सरता बाबा गेले. वकीलबाईंनी धावपळ करून एका दिवसाची परवानगी मिळवली. बरोबर एक हवालदार दिला. मी माझ्या वाडीत पोलिसासोबत शिरलो. दारं अर्धी उघडी, मागे डोळे. पोरांना आत ओढून घेतल्याचे आवाज. खांदा द्यायला चुलते आले, पण माझ्या बाजूला कोणी आलं नाही. हवालदाराने टोपी काढून खांदा दिला.

अग्नी देऊन परतलो तर पारूवयनी आमच्या ओट्यावर बसलेली. हवालदार अंगणात बिडी ओढत होता. मला राहवलं नाही. बाबा गेले होते, आता कोणाला सांभाळायचं?

"वयनी, तार मी नव्हती लावली."

"म्हायती हाय," ती म्हणाली.

"तुजा बा तवाच आला होता, जीप यायच्या आधी. माझ्या पायाशी बसला. म्हणाला, पारू, माझ्या हातून झालं, माझं नाव सांग."

"मग माझं का सांगितलंस?"

ती शांतारामदादांच्या शेताकडे बघत बोलली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच मला जास्त भीती वाटली.

"म्हाताऱ्याचं सांगितलं असतं तर चार दिसांत कोठडीत मेला असता. सुटला असता. माझा नवरा एकदाच मेला, संदेश. तुझ्या बानं रोज मरावं असं मला वाटलं. रोज सकाळी तो तुझ्याबिगर रिकाम्या घराचं दार उघडायचा, ते मी बघायची." मग म्हणाली, "येकदा पान्यात भिजत बसलेला. तवा मला बरं वाटलं नाय. पण तोवर लई पुढं गेलं होतं."

मग ती उठून गेली. मला त्या दिवशी बाबांसाठी रडू आलं नाही. दुसऱ्या कशासाठी तरी आलं, त्याला मी अजून नाव देऊ शकत नाही.

पुढच्या तारखेआधी मी सगळं वकीलबाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "आता मी तिला उलटतपासणीत एकच प्रश्न विचारला तरी तुम्ही सुटाल. 'संदेशच्या वडिलांनी तुमच्याकडे कबूल केलं होतं ना?' बस. पण मग तिने पोलिसांना खोटं सांगितलं हे उघड होईल. तिच्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो. आणि वडिलांचं नाव कायमचं रेकॉर्डवर येईल. निर्णय तुमचा आहे."

"नाही विचारलंत तर?"

"तर ती काय बोलते त्यावर. ती तुमचं नाव घेऊन ठाम राहिली, तर शिक्षा होऊ शकते. मी खोटी आशा दाखवणार नाही."

त्या रात्रीचं जागरण मी सांगत बसत नाही. सकाळी माणगावच्या कोर्टाच्या पायऱ्यांवर मी म्हणालो, "विचारू नका."

त्यांनी फाइल काखेत घेतली आणि पायऱ्या चढल्या.

पारूवयनी पिंजऱ्यात उभी राहिली. सरकारी वकिलांनी विचारलं, "तार आरोपीने लावली, हे तुम्ही बघितलं?" तिने माझ्याकडे बघितलं. कोर्टात पंखा फिरत होता, टायपिस्टची बोटं थांबलेली.

"मी बघितलं नाय," ती म्हणाली.

"पोलिसांना तुम्ही तसं सांगितलं होतंत."

"तवा मी माझ्यात नव्हते. त्याला वीज कळते म्हणून बोलले. बघितलं नाय."

वकीलबाई उभ्या राहिल्या. "उलटतपास नाही," म्हणाल्या आणि बसल्या. इतर कुणी काही बघितलेलंच नव्हतं. काही तारखांनंतर मी सुटलो.

निर्दोष सुटलो, असं म्हणतात. वाडीत म्हणतात, वकील बरी मिळाली म्हणून सुटला. कळंबोलीत नोकरी बदलताना पोलीस पडताळणी आली की मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर शेवटपर्यंत शंका राहते. माझ्या बायकोनेही लग्नाआधी विचारलं, "खरं सांगा, तुम्ही लावली होती?" तिचा दोष नाही. मी सांगितलं, तिने मानलं. पण मानणं वेगळं आणि ठाऊक असणं वेगळं.

आता तालुक्याची हद्द मला मोकळी आहे. वर्षातून दोनदा जातो. आमच्या घराचं कुलूप काढतो, झाडतो, दिवा लावतो, पण तिथे बसवत नाही. मग शेजारी जातो. पारूवयनी चहा ठेवते. तिच्यामुळे मी वाडीला मुकलो, आणि बाबांचे शेवटचे दिवस तिने एकटीने, त्यांना दिलेली शिक्षा म्हणून, बघितले. मी तिला माफ केलंय का, मला माहीत नाही. तिने बाबांना केलं का, मी विचारत नाही. आम्ही पावसाचं बोलतो, भाताचं बोलतो. बाहेर वाडीतले लोक जाता-येता मान वळवून बघतात, हा सुटलेला तिच्या ओट्यावर कसा बसतो म्हणून.

बसतो, कारण साऱ्या जगात ती एकटीच उरली आहे, जिला मला काही पटवून द्यावं लागत नाही. तुम्ही विचारता ना, आता घर कुठे तुझं? तिथे. तिच्या ओट्यावर, चहा संपेपर्यंत.