ताणावरची सात झाडं

मी कोण, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. शेतकरी म्हणावं तर जमीन मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या नावावर. मास्तरीण म्हणावं तर डीएड नाही, बीएड नाही. मध्य प्रदेशातल्या तिगावजवळच्या आमच्या संत्र्याच्या बगीच्यात दर शनिवारी गावातली वीसेक पोरं येतात, फळ्यासमोर पोत्यांवर बसतात आणि माती, बी, पाणी, किडे असलं काहीबाही शिकतात. त्याला मी शेतशाळा म्हणते. मामाजी म्हणतात, "पोरांचा बाजार."

एकटीनं हे करताना फार गोंधळायला व्हायचं. शिकवायचं कसं हे शिकवणारं कोणी नाही. भोपाळकडून कधी पुस्तिका यायच्या, त्या हिंदीत, आणि त्यातली शेतं आमच्या शेतांसारखी नसायची. मग सौंसरच्या एका रिटायर गुरुजींची गाठ पडली. त्यांचाही बगीचा, त्यांच्याकडेही पोरं येतात. त्यांनी शोधून शोधून आमच्यासारखे आणखी चार जण जमवले. महिन्यातून एकदा एकाच्या शेतात भेटायचं असं ठरलं.

नियम गुरुजींचाच. "मोठी माणसं मोठ्यांसारखी बसली का सभा होते, शिकणं होत नाही," ते म्हणाले. "ज्याच्या शेतात भेट, तो मास्तर. बाकीचे सारे पाचवीतली पोरं. मास्तर सांगन ते करायचं, आपलं शहाणपण घरी ठेवून यायचं." आम्हाला हे भलतंच आवडलं. सौंसरकडच्या कपाशीवाल्या ताईंच्या शेतात आम्ही पोरं होऊन बोंडातल्या अळ्या मोजल्या. सत्तरीतले गुरुजी माझी वेणी ओढून पळाले होते.

डिसेंबरात माझी पाळी आली. मामाजींना कळलं तेव्हा त्यांनी आधी बगीच्याकडे पाहिलं. बगीचा ताणावर होता. आंबिया बहार घ्यायचा तर थंडीत झाडांचं पाणी तोडावं लागतं. पानं मलूल होतात, गळतात, झाड अगदी केविलवाणं दिसतं. मग योग्य वेळी पाणी दिलं की फुलतं. मधेच पाणी मिळालं तर फुलाऐवजी नुसती पालवी फुटते, तिला आम्ही नवती म्हणतो, आणि त्या झाडाची बहार गेली म्हणून समजायचं.

"एक बी झाड बिघडलं," मामाजी शेवटी म्हणाले, "तर शाळा बंद. मंग मले काही सांगू नको."

"नाही बिघडत, मामाजी," मी म्हटलं. किती ठासून म्हटलं!

भेटीच्या दिवशी मी सप्टेंबरात पोरांना दिलेला धडाच काढला. चांगला जमला होता तो. "एकेका झाडाजवळ जा, पानाला हात लावा, माती चिमटीत धरा. झाडाला काय पाहिजे ते ओळखा आणि त्याला ते द्या." एवढं सांगून मी टाकी भरायला मोटर लावली आणि झोपडीत चहा-पोहे करायला गेले. सप्टेंबर वेगळा आणि डिसेंबर वेगळा, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही.

पोहे घेऊन बाहेर येते तर काय, टाकीतला पाइप झाडांत! गुरुजी सातव्या झाडाचं आळं भरत होते आणि बाकीचे टाळ्या वाजवत होते.

"मॅडम, मॅडम, झाडाले तहान लागली होती!" गुरुजी ओरडले, पोराच्या आवाजात.

मी परात तिथेच ठेवली आणि धावत जाऊन मोटर बंद केली. "अवो गुरुजी, बगीचा ताणावर आहे ना!"

"माहीत आहे ना," ते आपल्या आवाजावर आले. "माहा बी ताणावरच आहे."

"मंग?"

"मंग काय? तुमीच म्हणलं, जे पाहिजे ते द्या. मले वाटलं, ताण तुटला का काय होते ते दाखवून राहिल्या तुमी. मनात म्हणलं, बाई मोठी हिमतीची आहे."

मला संताप आला, पण तो कोणावर काढावा तेच समजेना. गुरुजींवर? त्यांनी तर अक्षरशः माझंच ऐकलं होतं. नियमावर? तो मीही हसत हसत मान्य केला होता. कोणी म्हणालं, वरून कोरडी माती टाकू, दिसणार नाही. आणि खरं सांगते, मीही फावडं घेतलं. आम्ही सहा शिकवणारी माणसं चोरांसारखी आळ्यांवर माती लोटत होतो, तेवढ्यात मामाजी आले.

त्यांनी चपलेतून पाय काढला आणि अंगठा मातीत दाबला. अंगठा ओला झाला.

"कोणं केलं?"

"मी," गुरुजी म्हणाले. "मी बी," ताई म्हणाल्या. माझ्या हातात फावडं तसंच होतं. "मी सांगितलं तसं त्यांनी केलं, मामाजी," मी म्हटलं.

"तुमच्यात ताण कोणालेच माहीत नव्हता काय?"

"साऱ्यांले माहीत होता," गुरुजी म्हणाले.

"मंग बोललं काहून नाही कोणी?"

मग ताई हळूच म्हणाल्या, "पोरं बोलत नाहीत ना, काकाजी. मॅडमनं सांगतलं का करतात."

मामाजींनी पायाची माती झटकली. "नवती फुटली का शाळा बंद," एवढं बोलून ते गेले. पोहे कोणी खाल्ले नाहीत.

पुढचे तीन आठवडे मी रोज सकाळी त्या सात झाडांपाशी जायची. डोळे फाडफाडून फांद्या बघायची. मला शाळा हवी होती, फार हवी होती. पण ताईंचं बोलणंही डोक्यातून जाईना. पावसाळ्यात मी पोरांकडून मेथी पेरून घेतली होती, तिचा एक कोंब वर आला नव्हता. मी बियाण्याला शिव्या दिल्या होत्या. पोरं खाली मान घालून उभी होती.

मग एका शनिवारी सातही झाडांवर कोवळी, पोपटी नवती दिसली. फूल एकही नाही. मामाजी आधीच येऊन बांधावर उभे होते. मनात म्हटलं, आजचा शेवटचा वर्ग. शिकवायला काही सुचेना, म्हणून पोरांनाच विचारलं, "या झाडांना काय झालं?"

पोरं माझ्या तोंडाकडे बघत बसली. मला कोणतं उत्तर हवंय तेच शोधत होती. मी तोंडच फिरवून झाडाकडे बघायला लागले. तेव्हा मागच्या पोत्यावरची एक मुलगी उठली. तिची आई लोकांच्या बगीच्यांत मजुरीला जाते.

"कोनं तरी ताण तोडला जी, मॅडम."

"बरोबर. अजून?"

ती जरा घुटमळली. "आन मेथी खूप खोल टाकली होती जी तुमी. म्हणून नाही आली."

"मग तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"तुमी विचारलं कुठं?"

मला रडू यायला लागलं. बांधावरून मामाजी खाली उतरले. त्यांनी एका झाडाची पालवी दोन बोटांत धरून पाहिली, मग त्या मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"शाळा राहू दे, बाई," ते म्हणाले. "मास्तर तेवढा बदल."

ते चिडून म्हणाले की गमतीनं, मला आजही कळलेलं नाही. त्यांना विचारायची हिंमत झाली नाही. मी त्या मुलीला पुढे बोलावलं, माझा खडू तिच्या हातात दिला आणि तिच्या रिकाम्या पोत्यावर जाऊन बसले.