पालखीतली मोकळी जागा

सदाशिव सुतार, आमचे सदूभाऊ, गेल्याची वार्ता त्यांच्या मुलाने आणली, तेव्हा मी संध्येला बसलो होतो. आचमनाचे पाणी हातातच राहिले. महिना उलटला, पण शोक करू जावे तर ते निजलेले असे डोळ्यांपुढे येतच नाहीत. येतात ते धावत... खांद्यावर दांडी, गुडघ्यापर्यंत चिखल आणि तोंडाने अखंड हाक, "डावीकडं डबकं! पाय जपा गा!"

चाळीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. प्रताप नगरात तेव्हा घरे मोजकी आणि रस्ते केवळ नकाशावर. आमच्या दत्तमंदिराचा मी पुजारी. गुरुवारच्या पालखीची पुढची दांडी सदूभाऊंची. श्रावणातल्या अशाच एका गुरुवारी दुपारी माझ्या पत्नीला, नववा महिना चालू असता, अकस्मात रक्तस्राव सुरू झाला. सुईण म्हणाली, हे माझ्या हातातले नाही, धंतोलीच्या मोठ्या दवाखान्यात न्या. काळ्या मातीतून धडपडत मी डांबरी सडकेवरचे किराणा दुकान गाठले, टेलिफोन तेवढाच. रुग्णवाहिकेवाला म्हणाला, "त्या चिखलात मागच्याच हप्त्यात गाडी फसली. येत नाही." मी म्हटले, सडकेपर्यंत तरी या. "बाळंतपणाची केस आम्ही नेत नाही." दुसरीकडे लावला, तर तिथे आधी डॉक्टरची चिठ्ठी हवी होती. क्षमा आणि संयम यांवर मी किती प्रवचने केली असतील! त्या दुकानात मात्र मी रिसीव्हर आपटला.

परतलो, तो सायंकाळसाठी सजवलेली पालखी आमच्या दारात! सदूभाऊ आणि त्यांचे पाच-सहा गडी सज्ज उभे. "वहिनीले निजवा यात." मी थबकलो. देवाच्या आसनावर मनुष्यदेह, तोही अशा अवस्थेत... आज लिहिताना मान खाली जाते, पण मी शास्त्राधार शोधण्यासाठी पोथीचा रुमाल सोडू लागलो.

"महाराज, पोथी काहून सोडून राहिले? खाटेवर धक्के बसतीन, पालखीची आमाले सवय हाय. देव आज पाटावर बसन, त्याले घाई नाही. वहिनीले हाय!"

रुमाल तसाच टाकला.

मग जी धाव निघाली! झेंडूच्या माळा, झालर, आत गुडघे दुमडून पडलेली ती आणि शेजारून सोवळ्यातच पळणारा मी. चिखल उडत होता. पण वाटीतले तीर्थ हिंदकळू नये, अशी पालखी चालली होती. डांबरी सडक लागताच सदूभाऊंनी दत्तगुरूंचा जयघोष आरंभला. काय त्याचा प्रताप! सायकली थबकल्या, ट्रक थांबला, लोकांनी चपला काढून हात जोडले. एक म्हातारी आरतीचे ताट घेऊन आडवी आली. "थांबा गा! देवाले असं पळवून काहून राहिले?" वाकून पाहते तो, "अवं माय! आत तं बाई हाय!"

"दोन जीव हायेत, माय! दर्शन घे अन् बाजूले हो!"

बाजूला कसली होते! ताट एका दुकानाच्या पायरीवर ठेवून ती आमच्याच पुढे पळू लागली. "हटा गा, हटा! लेकरू येऊन राहिलं!"

खांदे बदलत, श्वास आवरत आम्ही धंतोली गाठली. दिवेलागणीपूर्वी मला कन्या झाली, दोघीही सुखरूप. दवाखान्याच्या पायरीवर सदूभाऊ तळव्यात रुतलेली खडी काढत बसले होते. म्हणाले, "आता पाहा महाराज, पोथीत काय लिवलं हाय ते." आणि असे गडगडून हसले, की मलाही हसू आले... मग रडूही.

दुसऱ्याच दिवशी दुरुस्तीचे निमित्त सांगून त्यांनी पालखी घरी नेली. आणली, तेव्हा ती पहिल्यापेक्षा दीड हाताने लांब झाली होती. मी विचारले, देवाला एवढी जागा कशाला? रंध्याचा भुसा झटकत म्हणाले, "वहिनीले पाय पसरता नाही आले ना जी, धंतोलीपर्यंत."

सडक आमच्याकडे वळायला अनेक पावसाळे जावे लागले. मी अर्ज लिहीत राहिलो, रुग्णवाहिका नकार देत राहिल्या आणि पालखी जातच राहिली. कुणाला सर्पदंश, कुणाचा पाय मोडलेला.

परवाच्या गुरुवारी पुढच्या दांडीला सदूभाऊंचा मुलगा होता. देव मागच्या बाजूस विराजमान; पुढचे दीड हात रिकामे. एका नव्या भक्ताने तिथे नारळ आणि फुले मांडली. मुलाने ती उचलून देवाशेजारी ठेवली, आणि गादीवरची सुरकुती तळहाताने हळूच सारखी केली.